कोण ऐकतंय, हे कुणाला ठाऊक?

धाराशिवात खासगी एफएम स्टेशन नाही. 28 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या 234 शहरांत 730 खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत लातूर, उदगीर, बार्शी यांच्याबरोबर आमचंही नाव होतं, अर्थात जुनंच, उस्मानाबाद म्हणून. गावाचं नाव बदललं तरी कागद सावकाश बदलतात. पण मंजुरी मिळणं वेगळं आणि घरात आवाज येणं वेगळं. तोवर आमच्याकडे रेडिओ म्हणजे आकाशवाणी, आणि ती ऐकायचे दोन रस्ते. एक, रेडिओत सेल घालून काटा फिरवायचा. दुसरा, मोबाइलवर ॲप उघडून नेटवर ऐकायचं. आमच्या घरात या दोन रस्त्यांवरून नेमाने भांडण होतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, म्हातारं माणूस रेडिओ धरून बसलं असेल आणि तरणं माणूस मोबाइल. आमच्याकडे उलटं आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, उमरग्याकडे शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन आता धाराशिवात राहतात. त्यांच्या ओट्यावर डाळीच्या डब्याशेजारी ब्लूटूथचा स्पीकर असतो. नवरा शेती करतो, भूमच्या खाली, परंड्याच्या वाटेला. त्याच्याकडे दोन सेलचा रेडिओ आहे आणि माळवदावर वेळूच्या काठीला बांधलेली तांब्याची तार. दोघं भेटले की ताटं वाढायच्या आत विषय निघतो. मी मध्ये बसून दोघांचं ऐकते, तेव्हा हे लिहायचा हक्क माझाच.

सुरुवात बहुतेक आत्याबाईच करतात.

"तुझ्या त्या डब्यात लागतं काय रे? एक धाराशिव, तेही लागलं तर. मी सकाळी सांगली लावते, मग रत्नागिरी, दुपारी विविध भारती, संध्याकाळी पणजी. कोंकणी निम्मी कळते, निम्मी नाही, पण कानाला बरी वाटते. तुझ्या तारेवर पणजी येते का?"

"नाही येत. पण पणजीत पाऊस पडतोय का, ते मला कशाला पाहिजे?"

"पावसासाठी कुणी रेडिओ लावतं का? गाण्यासाठी लावतात."

"शेतकरी पावसासाठीच लावतो, आत्या."

खरं तर भांडण इथेच संपायला हवं. एकाला रेडिओ जगभर फिरायला हवा आहे आणि दुसऱ्याला आपल्या शिवाराबद्दल ऐकायला. पण दोघंही मराठवाड्याचे, विषय असा सोडणार नाहीत.

आत्याबाईंची बाजू दुबळी नाही. प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर आकाशवाणीच्या दोनशेहून जास्त सेवा आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' हे दुसरं ॲप आलं, त्यातही रेडिओ आहे. धाराशिवच्या स्वयंपाकघरात बसून नागपूरचं केंद्र स्वच्छ ऐकता येईल, हे त्यांच्या वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी मास्तरीणबाईंनाच शाळेत परत धाडलं असतं. आणि खर्च? सेकंदाला 64 किलोबिटचा प्रवाह धरला तर तासाला 29 एमबीच्या आसपास. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये त्याची गणती कोण करतो!

"आणि मी काही हौसेने रेडिओ सोडला नाही," आत्याबाई म्हणतात. "परभणी 1305, सोलापूर 1602. निवेदक आधी मीटर सांगायचे, मग किलोहर्ट्झ. ते आकडे अजून तोंडपाठ आहेत माझे. परभणीला कृषी विद्यापीठ, त्यामुळे तिथले शास्त्रज्ञ बोलायचे, आणि आमचे बाबा पेरणीच्या दिवसांत सगळ्यांना गप्प बसवायचे. पण घरात एलईडी बल्ब आले, इन्व्हर्टर आला, चार चार्जर आले, आणि परभणी गेली. लावलं की नुसती गुरगुर."

हे शंभर टक्के खरं आहे, आणि यात परभणीचा काहीच दोष नाही. स्वस्त एलईडी बल्ब किंवा चार्जर आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. त्या तोडजोडीचा कचरा थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात सांडतो. मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचसखलपणात भरलेला असतो, त्यामुळे त्यात कुणीही उंचसखलपणा घातला की रेडिओ तोही इमानाने ऐकवतो. शहरातल्या घरात मीडियम वेव्ह बंद पडली ती अशी, घरातल्याच वस्तूंनी.

नवऱ्याकडे यावर उपाय आहे. त्याने एकदा आत्याबाईंचा कपाटातला जुना रेडिओ काढला, अंगणात नेला, परभणीवर लावला आणि तळहातावर ठेवून सावकाश फिरवायला लागला. गुरगुर वाढली, कमी झाली, एका कोनात जवळजवळ नाहीशी झाली. आत पेन्सिलीएवढी फेराइटची दांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली. तिचं टोक ज्या दिशेला वळेल तिकडचं तिला जवळजवळ ऐकू येत नाही. कचरा जिकडून येतोय तिकडे टोक वळवायचं. पाच मिनिटं तो रेडिओ असा फिरवत उभा होता, आणि समोरच्या गच्चीवरून शेजारीण, याला काय झालं, म्हणून बघत होती.

"लागलं बघ," तो म्हणाला.

"लागलं. आता भाजी परतताना मी हे असंच हातावर धरून फिरू का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्याने विषय एफएमकडे नेला.

एफएमचा प्रश्न वेगळा. तिथे चार्जरची गुरगुर फारशी नाही, पण लहर सरळ रेषेत चालते आणि डोंगर ओलांडताना दमते. धाराशिव बालाघाटावर आहे. आमचं शेत घाट उतरून खाली. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, चार पूर्णांक बाराने गुणायचं, की सपाट जमिनीवरचं अंतर किलोमीटरमध्ये येतं. शंभर मीटरचा मनोरा असेल तर एकेचाळीस किलोमीटर. पण हा हिशेब दोन्ही बाजूंनी होतो. ऐकणाऱ्याची तार नऊ मीटरवर नेली की त्यात आणखी बारा किलोमीटर मिळतात. म्हणून माळवदावर काठी. तारेचं मापही मनाला येईल ते चालत नाही: शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर, तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर. तार पाऊण मीटरची कापून उभी बांधली, तेव्हा धाराशिवची खरखर बसली. आधी त्याने चांगली दहा-बारा फूट तार लावली होती, जास्त तार म्हणजे जास्त रेडिओ अशा समजुतीने. मी तेव्हा काही बोलले नाही.

"एवढा खटाटोप एका स्टेशनसाठी," आत्याबाई म्हणाल्या.

"एकदाच केला. तुझं ॲप महिन्याला अपडेट मागतं. परवा पासवर्ड मागत होतं."

"तो ॲपचा नव्हता, वायफायचा होता."

"म्हणजे दोघांनाही पासवर्ड लागतो. माझ्या तारेने कधी नाव विचारलं नाही."

रात्रीच्या लाईटचं सांगितल्याशिवाय त्याची बाजू कळायची नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस उसात बारं धरायला जातो. हातात खोरं, खिशात रेडिओ. मोबाइल असतो, पण तो बॅटरी म्हणून, आणि घरून फोन आला तर म्हणून. चिखलाच्या हाताने काचेवर बोट फिरवून ॲप उघडायला त्याला सांगा! रेडिओला एक गोल चकती, अंधारात अंगठ्याने फिरते. त्यात डीपी जळाली की आमच्याकडे चार-चार दिवस वीज नसते. टॉवरचा बॅटरी बॅकअप काही तासांचा. मग नेट जातं, ॲप गोल गोल फिरत बसतं. सेल मात्र महिनाभर पुरतात. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि परंडा-भूम भागात गावांत पाणी शिरलं, तेव्हा घरात पहिली चिंता फोनच्या चार्जिंगची होती. रेडिओच्या चार्जिंगची चिंता कुणी केली नाही. हे सांगताना त्याचा आवाज चढतो, आणि मला वाटतं त्याचं बरोबर आहे.

मग त्याने किल्लारी काढली. काढायला नको होती, कारण भूकंपाच्या वेळी तो पाळण्यात होता आणि आत्याबाई उमरग्यात.

"30 सप्टेंबर 1993," त्या म्हणाल्या. "पहाटे चारला चार मिनिटं कमी. तू मला सांगतोस? सास्तूर, लोहारा, किल्लारी, कुठे किती गेलं काही कळायला मार्ग नव्हता. गणपती नुकतेच बुडवलेले, लोक दमून झोपलेले. उजाडल्यावर एकाच्या घरातून रेडिओ बाहेर आणला, पारावर ठेवला, आणि दिवसभर आम्ही त्याच्याभोवती. गावांची नावं येत गेली तसतशी बायका उठून जात गेल्या, माहेर तिकडचं म्हणून. पण एक ध्यानात ठेव. रेडिओने जीव कुणाचा वाचवला नाही. तो नंतर बोलला."

"म्हणजे काय, बोललाच नसता तर बरं होतं?"

"तसं नाही रे. पण आता सरकारने सूचना पाठवली की फोन स्वतः किंचाळतो. सेल ब्रॉडकास्ट म्हणतात त्याला. चाचणीच्या दिवशी माझ्या हातातून पोळी पडली. वीज पडायच्या आधी इशारा देणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या शास्त्रज्ञांनी काढलं. रेडिओ लावलेला असेल तरच सांगतो. फोन झोपेतून उठवून सांगतो."

यावर तो गप्प बसला. मला आत्याबाईंचा हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो. रेडिओवाल्यांना संकटाचं नाव काढलं की आपण जिंकलो असं वाटतं. पण पहिल्या दहा मिनिटांचं काम आता फोनचं आहे. रेडिओचं काम त्यानंतरच्या चार दिवसांचं, टॉवर थंड पडल्यावरचं.

आमच्या जिल्ह्याचं रेडिओशी नातं तसं जुनं आणि थोडं वाकडं आहे. हा निजामाचा मुलूख. हैदराबादचं डेक्कन रेडिओ निजाम सरकारचं, औरंगाबादचं केंद्रही त्याच संस्थानातलं. 1950 मध्ये ती ऑल इंडिया रेडिओकडे आली. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती जाहीर केली ती रेडिओवरूनच. ज्या डब्यातून रझाकारांचा प्रचार यायचा त्याच डब्यातून राजाने हार मानली. आत्याबाईंचे वडील ही गोष्ट सांगताना दरवेळी एक नवा तपशील घालायचे, म्हणून तपशील मी देत नाही. नकाशावर आम्ही अशा कोपऱ्यात आहोत की काटा थोडा सरकवला तरी भाषा बदलायची. उमरग्याच्या बाजूला 738 वर हैदराबाद, 1107 वर गुलबर्गा. तेलुगू, उर्दू, कन्नड, आणि मध्ये कुठेतरी मराठी. आत्याबाईंना कानडी समजतं ते त्यामुळे.

"ते ठरवून ऐकलं नव्हतं," नवरा म्हणाला. "परभणी शोधताना गुलबर्गा लागलं, म्हणून ऐकलं. ॲपच्या यादीत तू गुलबर्गा कधी दाबलंस?"

आत्याबाई थोड्या थांबल्या. "नाही दाबलं."

"का?"

"यादीत मराठीच्या खाली आहे. तिथवर जात नाही मी."

त्याने जिंकल्याचा चेहरा केला. पण दहा मिनिटांनी आत्याबाईंनी ओट्यावरून कन्नड भावगीतं लावली, आणि आवाज असा स्वच्छ की 1107 वर कधी आला नसता. जिंकलं कोण, ते मी लिहीत नाही.

मग पैशाची गोष्ट निघाली, आणि इथे मला पहिल्यांदा वाटलं की हे भांडण आवडीनिवडीचं नाही. ट्रान्समीटरला वीज लागते तेवढीच लागते, ऐकणारा एक असो की लाख. नेटवर प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो. 64 किलोबिटचे लाख प्रवाह म्हणजे सेकंदाला 6.4 गिगाबिट. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रक्षेपण म्हणजे पाऊस, नेट म्हणजे टँकर.

"पाऊस पडत नाही म्हणूनच टँकर येतो ना?" आत्याबाई.

"हो. आणि टँकरवाला रजिस्टर ठेवतो. कोणत्या वस्तीला किती खेपा, कुणाच्या सहीने. पावसाचं रजिस्टर नसतं."

"मग चांगलंच की! लपवण्यासारखं काय आहे? मी सांगली ऐकते हे सांगलीला कळलं तर बिघडलं कुठे?"

"कुणाला कळतंय, ते तुला कळत नाही, हे बिघडलं. तू किती वाजता उठतेस, किती वाजता झोपतेस, सगळं कुठेतरी लिहून ठेवलं जातंय."

"मी किती वाजता उठते ते गल्लीला माहीत आहे."

इथे आत्याबाई खेळकर होत्या, पण नवऱ्याचा पुढचा मुद्दा खेळकर नव्हता. नेटवरचा रेडिओ मधल्या माणसाच्या मर्जीवर चालतो. परदेशात नेटवर चालणारे रेडिओसेट घराघरांत होते; 'रेसिव्हा' नावाची यादी पुरवणारी सेवा 2021 मध्ये बंद झाली आणि चांगले चालते सेट मुके झाले. लाकडी कपाटातला साठ वर्षांपूर्वीचा व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त केला तर आजही मीडियम वेव्ह पकडतो, यादी गेलेला तो नेट रेडिओ काहीच नाही. दुसरीकडे नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने 2024 च्या अखेरीस. तिथे हवेतून येणारा डिजिटल रेडिओ होता, तरी स्विस रेडिओचे श्रोते घटले. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह 31 जानेवारी 2020 ला थांबली, आणि आमच्या गावातले एक आजोबा, शिवाजी पुतळ्याजवळ बसून लोकांना जगाची बातमी सांगणारे, त्यानंतर पेपर वाचायला लागले. पेपर ते संध्याकाळी वाचतात, कारण सकाळी तो हॉटेलात दुसऱ्याच्या हातात असतो.

"आणि ठोक्यांचं काय?" त्याने भात्यातला शेवटचा बाण काढला. "बातम्यांच्या आधीचे ठोके तुझ्याकडे अर्धा मिनिट उशिरा पडतात."

हे मी स्वतः तपासलं आहे, दोन्ही शेजारी शेजारी लावून. नेटवर आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करतात, फोन आधी दोन-तीन तुकडे जमवतो आणि मग वाजवायला लागतो. रेडिओवर निवेदिका बातम्यांच्या मधोमध, आणि आत्याबाईंच्या स्पीकरवर अजून जाहिरात.

"मला कुठली गाडी पकडायची आहे?" आत्याबाई म्हणाल्या, आणि ठोक्यांचा विषय तिथेच मिटला.

मी म्हटलं, दोन्ही एकाच फोनमध्ये का नको? बहुतेक फोनच्या चिपमध्ये एफएम असतंच, कंपन्या ते उघडत नाहीत. 2023 मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपन्यांना ते सुरू ठेवण्याची सूचना केली होती. पण फोनमधल्या एफएमला हेडफोनची वायरच अँटेना म्हणून लागते, आणि बऱ्याच नव्या फोनना हेडफोनचं भोकच नाही. दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वांगी बघायला उठले.

परत आले तेव्हा विषय भलतीकडेच गेला होता, आणि माझ्या मते बरोबर ठिकाणी.

"ऐक," आत्याबाई सांगत होत्या, "तुला वाटतं, तुझ्या रेडिओवर कुणाची नजर नाही म्हणून तू मोकळा. पण केंद्र ठेवायचं की बंद करायचं हे ज्यांनी ठरवायचं, त्यांच्यासमोर कागद असतो. त्या कागदावर मी आहे. सांगलीला एक श्रोता, धाराशिव, सकाळी साडेसहा. तू कुठे आहेस?"

"सर्वेक्षण करतात की. आकाशवाणीचा श्रोता संशोधन विभाग आहे."

"तुझ्या वस्तीवर कधी आले?"

तो काही बोलला नाही. आमच्या वस्तीवर जनगणनेचा माणूससुद्धा कुत्र्याला भिऊन बांधावरून विचारतो.

या मुद्द्यापाशी मला बराच वेळ थांबावंसं वाटतं. साध्या रेडिओवर ऐकणाऱ्याची खूण कुठेच उरत नाही, हेच त्याचं वैभव, आणि हेच त्याच्या मुळावर येतं. नेटवरचा एक श्रोता आकडा होतो. रानातले शंभर हवेत विरतात. मग कुणी म्हणतं, आता सगळे ॲपवरच ऐकतात, ट्रान्समीटरचं वीजबिल कशाला भरायचं? आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या कागदावर तसंच दिसतं.

पूर्वी हे असं नव्हतं. रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागायचा, 1980 च्या दशकात तो रद्द झाला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मोजदाद संपली. त्याआधी, 1956 मध्ये, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली. ऐका, चर्चा करा, करून पाहा, असं त्यांचं सूत्र. गावाने ऐकायचं, वाद घालायचा, शंका लिहून पाठवायच्या, आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात उत्तरं द्यायची. पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला आणि पुढे देशभर ती पद्धत गेली. आमचा जिल्हा त्यात नव्हता. तो हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला तोच 1 नोव्हेंबर 1956 ला. त्या मंडळांत ऐकणारा माणूस नुसता कान नव्हता, त्याचं उलट टपाल यायचं. फर्माइशीच्या पोस्टकार्डांनी पुढे तेच काम केलं. झुमरी तलैया हे गाव अख्ख्या देशाला ठाऊक झालं ते पोस्टकार्डांमुळे.

"म्हणून म्हणते," आत्याबाई म्हणाल्या, "पत्र लिही. धाराशिव केंद्राला. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक कार्यक्रम, अमुक गावात ऐकला."

"हे मी तुला सांगायचं! याला रिसेप्शन रिपोर्ट म्हणतात. हौशी लोक परदेशातून आकाशवाणीला पाठवतात, दिल्लीहून त्यांना क्यूएसएल कार्ड येतं, ऐकल्याची पावती म्हणून."

"मग तू आजवर किती पाठवले?"

त्याने भाकरी मोडली. एकही पाठवला नव्हता. तारेचं माप पाऊण मीटर हे ज्याला माहीत आहे, त्याला केंद्राचा पत्ता माहीत नव्हता. आत्याबाईंनी तो सांगितला नाही, त्याच्याकडूनच शोधून घेतला, आणि कुठून, तर त्यांच्याच मोबाइलवरून. मग कपाटातून एक पन्नास पैशांचं पोस्टकार्ड निघालं. शिक्षिकेच्या घरात असायचंच.

"काय लिहू?"

"महाशय, सप्रेम नमस्कार. पुढे तुझं तू."

त्याने बराच वेळ लिहिलं. शेतीचा कार्यक्रम, उसाच्या हुमणीवर कुणीतरी बोललेलं, रात्री वीज नसताना ऐकलेलं, घाटाखाली अंतर किती, तार किती उंच. हुमणीबद्दल एक शंकाही घातली, आणि ती खरीच होती. शेवटी लिहिलं की आवाज समजला, पण मधून मधून खरखर होती.

आत्याबाईंनी चष्मा लावून कार्ड वाचलं. एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मग खरखरीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोड."

"का? खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच खोड. नाहीतर वरून उत्तर येईल, ॲप डाउनलोड करा."

"मग खोटा रिपोर्ट पाठवू? त्यांना कळायला नको का, की इथवर नीट पोचत नाही? मनोरा वाढवायचा की नाही, ते कशावरून ठरवतील?"

हा प्रश्न रास्त होता, आणि आत्याबाईंना उत्तर सुचेना. कार्ड दोघांच्या मध्ये पडून राहिलं. मी ताटं वाढली. वाढता वाढता, ओळ राहू द्या आणि पुढे 'तरी रोज ऐकतो' एवढं घाला, असं मी म्हटलं. जागा उरली नव्हती, म्हणून त्याने ते पत्त्याच्या बाजूला, पिनकोडच्या वर लिहिलं.